रविवारी पेरलेली प्लेट

सकाळी ८.१०
लॅबचं कुलूप तीच उघडते. बॅग टेबलाखाली सरकवते आणि आधी इन्क्युबेटर बघते. ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. आकडे जागेवर दिसले की मग चहा. दुधाचा, टपरीवरचा, १२ रुपयांचा. पुण्यातली ही लहानशी लॅब. हिरव्या चहातला ईजीसीजी हा घटक प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो का, आणि रोखत असेल तर कसा, हे ती पावणेदोन वर्षं तपासतेय. आज मी तिच्या मागे स्टुलावर बसून आहे.

९.०५
हातमोज्यांवर ७० टक्के अल्कोहोल. निर्जंतुक हवेच्या हुडमध्ये जाईल ती प्रत्येक वस्तू पुसून. फ्लास्कमधलं लाल मीडियम पिवळट झालंय. "भुकेल्या आहेत आज," ती म्हणते. या पीसी-३ पेशी. ६२ वर्षांच्या एका रुग्णाच्या हाडात पसरलेल्या कर्करोगातून त्या काढल्या, शोधनिबंध १९७९चा. पुरुषी संप्रेरक नसलं तरी वाढतात, म्हणून चिवट. जुनं मीडियम ओढून टाकायचं, ट्रिप्सिन घालायचं, चार मिनिटं थांबायचं. तळाला चिकटलेल्या पेशी सुटतात. फ्लास्कच्या बाजूवर ती तळव्यानं हलकी थाप देते. जोरात दिली तर पेशी दुखावतात.

नवं मीडियम घालताना एक थेंबही सांडत नाही. त्यात वासराच्या गर्भातल्या रक्ताचं सिरम असतं. चांगल्या प्रतीची अर्ध्या लिटरची बाटली तिच्या महिन्याच्या फेलोशिपहून महाग पडू शकते.

१०.००
मोजणी. काचेच्या चौकटीवर थेंबभर द्रव, त्यात निळा रंग. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी चकाकते. डोळा मायक्रोस्कोपला, अंगठा काउंटरवर. टक, टक, टक. उद्यासाठी प्लेटच्या एका वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यात, पाच हजार पेशी. ९६ वेल.

११.२०
वजनकाटा. पंख्याचा वारा नको म्हणून पंखा बंद. ४.६ मिलिग्रॅम पांढुरकी भुकटी, चिमटीतही येणार नाही इतकी थोडी. एक मिलिलिटर पाण्यात विरघळली की दहा मिलिमोलर. कालचं द्रावण चालत नाही. ईजीसीजी हवेत राहिला की तपकिरी पडतो.

१२.००
आजचं खरं काम हे. रविवारी येऊन पेरलेली प्लेट बाहेर येते. रांगेगणिक मात्रा वाढत जाते: शून्य, दहा, पंचवीस, पन्नास, शंभर मायक्रोमोलर. टिप बदल, सोड, टिप बदल. खांदा उचललेलाच. दोन-तीन कप चहा प्यायल्यावर माणसाच्या रक्तात यातलं जेमतेम एक मायक्रोमोलरच्या आत उतरतं. हा फरक तिनं टेबलासमोर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलाय. मला ते फार आवडलं.

१.४०
डबा. मेथी, दोन पोळ्या. फेलोशिप ३७ हजार, पण हातात येईपर्यंत कधी तीन महिने जातात. घरभाडं थांबत नाही. खाता खाता ती इटलीतल्या २००६च्या अभ्यासाबद्दल सांगते. कर्करोगाआधीचे बदल दिसलेले ६० पुरुष. निम्म्यांना वर्षभर रोज ६०० मिलिग्रॅम हिरव्या चहातले कॅटेचिन, म्हणजे ईजीसीजीच्या कुळातले घटक. त्या तिसांत एकाला कर्करोग झाला, उरलेल्या तिसांत नऊ जणांना. "हे वाचूनच मी या विषयात आले." पुढे अमेरिकेत ९७ जणांवर तसाच प्रयोग झाला. २०१५ला निकाल आला, तेव्हा वर्षाअखेर कर्करोगाच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. डब्याचं झाकण लावताना ती गप्प होते.

३.००
शुक्रवारच्या प्लेटला ७२ तास झाले. मीडियम काढून पेशी धुते. ईजीसीजी उरला तर तो एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याला स्वतःच जांभळं करतो आणि मेलेल्या पेशी जिवंत असल्यासारख्या मोजल्या जातात. म्हणून ताजं मीडियम, त्यात एमटीटी, मग तीन तास इन्क्युबेटर. जिवंत पेशी जांभळे स्फटिक करतात.

४.३०
लॅबचे काका ऑटोक्लेव्हमधून टिपांचे डबे काढतात. १२१ अंश, वीस मिनिटं. हाताला जाड फडकं. ठेकेदारामार्फत महिना चौदा हजार. डबे मांडता मांडता विचारतात, "मॅडम, थोरला भाऊ आहे बार्शीला. त्याला प्रोस्टेटचंच निघालंय. हिरवा चहा चालू करू का?"

ती पिपेट खाली ठेवते.

"काका, एक-दोन कप प्यायले तर हरकत नाही. पण गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि चहाच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. जास्त झाल्या तर लिव्हरला त्रास होतो."

"इथं तर मरतात ना पेशी?"

"इथं मरतात."

६.१५
डीएमएसओ हे द्रावक घातलं, स्फटिक विरघळले. प्लेट रीडरमध्ये. शून्याची रांग गर्द जांभळी, शंभरची जवळजवळ पाण्यासारखी. शेवटच्या रांगेतही शंभरच होतं, पण सोबत कॅटलेज हे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम. तिथं बराच जांभळा रंग शिल्लक. म्हणजे इथल्या मारण्यात मीडियममध्येच तयार झालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा मोठा वाटा असावा. शरीरात तसं घडेलच असं नाही. ती प्रत्येक मात्रेच्या तिन्ही वेलचे आकडे पुन्हा बघते, मग वहीत उतरवते. एकही गाळत नाही.

७.२०
आज मात्रा दिलेल्या प्लेटच्या झाकणावर मार्करनं लिहिते: सोम., १२.००. वाचन गुरुवारी. हुड पुसते, दिवा घालवते. जाता जाता इन्क्युबेटरच्या कार्बन डायऑक्साइड सिलिंडरच्या काट्याकडे बघते आणि काकांना फोन लावते. उद्या सकाळी गॅसवाल्याला सांगावं लागेल.