शेगावचे टक्कल आणि रेशनचा गहू

केस गळू लागले की आपल्याकडे प्रथम तेल बदलतात, मग शाम्पू बदलतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर एखाद्या बाबाचा अंगारा येतो. डोक्यात चाई पडली तर केस कीड खाते असे सांगणारे महाभाग आजही वस्तीवस्तीत भेटतात. पोटात काय गेले हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. ते विचारले म्हणजे काय उजेडात येते, हे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात दिसले आहे. म्हणून ती हकीकत आमच्या माता-भगिनींनी नीट वाचावी.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस एकाएकी जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तीन-चार दिवसांत हाती पुंजके येऊन टक्कल! म्हातारे, तरणे, शाळकरी मुली, कोणीच सुटले नाही. जानेवारी २०२५ पर्यंत अठरा गावांतील २७९ जणांना ही बाधा झाली. वर्तमानपत्रांतून ‘टक्कल व्हायरस’ हे नाव गाजले, आणि नाव पडताच भीती दुप्पट झाली. कित्येकांनी उरलेसुरले केस भादरून टाकले. ज्या घरात लग्नाची बोलणी चालू असतील तेथे आईबापांची काय अवस्था झाली असेल, ते मुलीच्या बापालाच विचारावे.

पहिला संशय पाण्यावर आला. तो भाग खारपाण पट्ट्याचा, तेव्हा संशय अगदीच अनाठायी नव्हता. बुरशीचीही चर्चा झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावांत येऊन रक्त, पाणी, धान्याचे नमुने घेऊन गेले.

आमच्या शिरढोणहून महामार्गाने सरळ दक्षिणेला गेले की आपल्याच रायगड जिल्ह्यात महाड लागते. तेथील डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या लोकांना विंचवामुळे ठाऊक आहेत. विंचूदंशाने मरणारी कोकणातील कितीतरी माणसे त्यांच्या उपचारपद्धतीने वाचली. या डॉक्टरांनी शेगावच्या रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष असा, की दोष सेलेनियम या द्रव्याचा. रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते, तर जस्त कमी झाले होते. गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचे त्यांनी सांगितले. त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. सामान्यतः ते १.९ च्या वर नसावे. धुतलेल्या गव्हातही १३.६१ होतेच. म्हणजे विष दाण्याच्या पोटात, वरच्या धुळीत नव्हे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, आकडे दिसले की हिशेब मांडतो. एका माणसाने दिवसाला पावकिलो गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या तर पोटात साडेतीन मिलिग्रॅमच्या वर सेलेनियम जाते. वास्तविक मोठ्या माणसाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅमची, आणि सहन होण्याची मर्यादा ४०० ची. म्हणजे मर्यादेच्या नऊपट!

सेलेनियम शरीराला लागतेच, पण इवलेसे. जास्त झाले की केस ज्या प्रथिनाचे बनतात त्यातील गंधकाची जागा ते घेते, आणि केस व नखे ठिसूळ होतात. पंजाबातील नवांशहर व होशियारपूर भागांत काही जमिनी मुळातच सेलेनियमच्या, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अशा जमिनीवरील चारा खाऊन जनावरांचे केस आणि खूरसुद्धा गळतात. जनावरांचे माहीत असताना माणसांच्या ताटात जाणारे धान्य आधी का तपासले जात नाही, हा आमचा सवाल आहे. श्रीमंताच्या घरी दुकानातला निवडक गहू येतो. रेशनवर जगणाऱ्याला निवडीला वाव कुठला? जे पोत्यात येईल तेच ताटात.

समाधानाची गोष्ट ही, की केसांची मुळे मेली नव्हती. बहुतेकांना काही आठवड्यांत पुन्हा केस येऊ लागले. मात्र एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात काहींची नखे गळाल्याच्या बातम्या आल्या.

एवढ्यावरून कंगव्यात केस दिसताच कोणी रेशनला बोल लावू नये. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविकच आहे. टायफॉईड, डेंग्यू किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर जातात आणि बहुधा परत येतात. अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरीही गळतात. रक्त तपासले की कळते. चाई हा संसर्ग नव्हे, तेव्हा मुलीला वर्गात वेगळे बसवू नये. तरुण मुले मुरुमांवर दुकानातून गोरेपणाची ट्यूब आणतात, तीत पुष्कळदा स्टेरॉईड असते. ती लावता लावता मुरुम आणखी चिडतात आणि कातडी पातळ होते. त्वचेच्या डॉक्टरला दाखवावे.

परंतु एकाच गल्लीत, एकाच दुकानाचे धान्य खाणाऱ्या तीन-चार घरांत एकदम केस जाऊ लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्वांनी मिळून जावे. त्या गव्हाचे किलोभर दाणे स्वच्छ पिशवीत बांधून, दुकानाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावेत. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शिधावाटपाच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.