निर्णय कुणाचा, नोकरी कुणाची?

अमेरिकेत येऊन काही वर्षं झाली की बेसबॉल हळूहळू अंगवळणी पडतो. आधी तो संथ वाटतो, मग नियम कळतात, आणि एके दिवशी लक्षात येतं की आपण ऑफिसच्या कँटीनमध्ये उभे राहून सातव्या इनिंगमध्ये पिचर का बदलला यावर तावातावानं बोलतोय. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणाऱ्या माझ्यासारख्या कित्येक मराठी मंडळींचं हेच झालंय. आपल्याकडे ज्या हक्कानं लोक निवड समितीला शिव्या घालतात, त्याच हक्कानं इथला प्रेक्षक संघाच्या मॅनेजरला घालतो. फरक एवढाच की इथे शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या, हाच मुळात वादाचा विषय आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. बेसबॉलमध्ये मैदानावर निर्णय घेणारा कर्णधार नसतो. ते काम मॅनेजर करतो. साठी ओलांडलेला असला तरी तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो. आज कोण खेळणार, कोण कितव्या क्रमांकावर येणार, पिचर कधी बदलायचा, हे त्यानं ठरवायचं. आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणजे आपल्यासारखं 'बुमराहची दोन षटकं शेवटाला राखून ठेवू' हे इथे चालत नाही. पिचरला काढलं की काढलं.

पण हे खेळाडू संघात आणतो कोण? ते 'फ्रंट ऑफिस'चं काम. जनरल मॅनेजर किंवा 'प्रेसिडेंट ऑफ बेसबॉल ऑपरेशन्स', त्याच्या हाताखालचे विश्लेषक, स्काउट आणि अलीकडे माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले. खेळाडू विकत घेणं, विकणं, करार करणं हे सगळं त्यांच्याकडे. मॅनेजरला नेमतात आणि काढतात तेही तेच. पूर्वी कामाची वाटणी सरळ होती: भाजी त्यांनी आणायची, स्वयंपाक यानं करायचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र भाजी आणणारे फोडणीत मोहरी किती घालायची तेही सांगू लागले. भांडणाचं मूळ इथे आहे.

हा वाद समजून घ्यायला दोन सामने पुरेसे आहेत. पहिला 16 ऑक्टोबर 2003 चा. न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना. आठव्या इनिंगमध्ये बॉस्टन 5-2 नं पुढे. पिचर होता पेड्रो मार्टिनेझ, त्या काळातला अव्वल. शंभराच्या पुढे चेंडू टाकून तो थकला होता, मार खायला लागला होता. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेड्रोशी बोलला आणि त्याला तसाच ठेवून परत आला. बघता बघता 5-5 अशी बरोबरी झाली, आणि अकराव्या इनिंगमध्ये एरन बूनच्या होम रननं बॉस्टनचा मोसम संपला. बॉस्टनच्या फ्रंट ऑफिसमध्ये तेव्हा 29 वर्षांचा थिओ एपस्टाइन जनरल मॅनेजर होता, आणि आकडेवारीचे पितामह बिल जेम्स सल्लागार. शंभर-एकशेपाच चेंडूंनंतर पेड्रोची धार झपाट्यानं कमी होते, हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं. लिटलनं कागदापेक्षा माणसावर भरवसा ठेवला. त्या मोसमात 95 सामने जिंकूनही त्याचा करार पुढे वाढवला गेला नाही.

दुसरा सामना 27 ऑक्टोबर 2020 चा. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टँपा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेज 1-0 नं पुढे. त्यांचा पिचर ब्लेक स्नेल स्वप्नवत टाकत होता: 73 चेंडू, 9 जण स्ट्राइकआउट, दिलेले हिट फक्त दोन. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर त्याच्यापुढे दोन-दोनदा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. आता ते तिसऱ्यांदा येणार होते. आकडेवारी सांगते की एकाच पिचरला तिसऱ्यांदा भेटणारा बॅटर त्याला जास्त चांगला खेळतो. मॅनेजर केव्हिन कॅश मैदानात गेला आणि त्यानं स्नेलला काढलं. स्नेलच्या तोंडावरची चीड सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. नवा पिचर आल्यावर काही मिनिटांत डॉजर्सनं दोन धावा काढल्या. सामना 3-1 नं जिंकला आणि 1988 नंतरचं पहिलं विजेतेपदही.

कॅशची नोकरी मात्र गेली नाही. उलट थोड्याच दिवसांत अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून त्याच्या नावाची घोषणा झाली. पुरस्काराचं मतदान ऑक्टोबरच्या सामन्यांआधीच झालेलं असतं हे खरं, पण त्याच्या क्लबनंही त्याला दोष दिला नाही. पिचरला ठेवून हरला त्याची नोकरी गेली, पिचरला काढून हरला त्याची राहिली. दोन्ही निर्णय फसले, पण दुसऱ्याचा निर्णय वरच्यांच्या विचारसरणीत बसणारा होता. चाहत्यांना जे सलतं ते हेच. पराभव तेही समजून घेतात. पण डगआउटमधला माणूस स्वतःच्या डोक्यानं हरला की वरून आलेल्या कागदानं, हे त्यांना कळायला हवं असतं.

या सगळ्याची गंगोत्री आमच्या खाडीपलीकडे, ओकलंडला. 'मनीबॉल' चित्रपट बहुतेकांनी पाहिला असेल. 2002 मध्ये ओकलंड ए'जचा पगाराचा खर्च सुमारे 4 कोटी डॉलर, यांकीजचा साडेबारा कोटींच्या घरात. तरीही बिली बीननं आकडेवारीच्या जोरावर उभा केलेला संघ सलग 20 सामने जिंकला आणि मोसमात 103. चित्रपटात ब्रॅड पिटचा बीन नायक, आणि मॅनेजर आर्ट हाउ हा हेकट, जुनाट माणूस. आपलं हे चित्रण हाउला मुळीच पटलं नाही आणि त्यानं ते जाहीरपणे सांगितलं. तीन वर्षं सलग संघाला प्लेऑफमध्ये नेणाऱ्या माणसाची जगभरात ओळख काय राहिली, तर बीनच्या वाटेतला अडथळा! कथा ज्या बाजूनं सांगितली जाते, ती बाजू जिंकते. आणि मनीबॉलनंतर कथा नेहमी फ्रंट ऑफिसच्या बाजूनंच सांगितली जाऊ लागली.

उलटं क्वचितच घडतं. लॉस एंजेलिस एंजल्समध्ये माइक सोशा 2000 पासून मॅनेजर होता, 2002 चं विजेतेपद त्याच्या नावावर होतं. जनरल मॅनेजर जेरी डिपोटोशी त्याचं आकडेवारीच्या वापरावरून बिनसलं, तेव्हा 2015 च्या जुलैमध्ये ऐन मोसमात राजीनामा दिला तो डिपोटोनं. सोशा आणखी तीन मोसम राहिला. पण असा वजनदार मॅनेजर आता शोधून सापडणार नाही.

आमच्या भागात सध्या हा वाद ज्याच्या नावानं चालतो तो बॉब मेल्विन. इथलाच माणूस. शाळा मेन्लो-ॲथर्टनची, कॉलेज बर्कलीचं, खेळाडू म्हणून तीन मोसम जायंट्सकडे. 2011 च्या जूनमध्ये तो ओकलंडचा मॅनेजर झाला आणि तुटपुंज्या पैशांत संघाला सहा वेळा प्लेऑफमध्ये घेऊन गेला. ओकलंडच्या काळात सर्वाधिक विजय त्याच्याच नावावर आहेत. पण 2021 नंतर मालकांनी खर्चाला कात्री लावायची ठरवली. मेल्विनचा करार शिल्लक असतानाही कुठला मोबदला न मागता त्याला सॅन डिएगोला जाऊ दिलं. पाठोपाठ चांगले खेळाडू विकले. दोन वर्षांत ओकलंड मोसमात 112 सामने हरणारा संघ झाला, आणि 2024 मध्ये शहरातूनच निघून गेला.

सॅन डिएगोत उलटी परिस्थिती. तिथे पैसा होता आणि ए. जे. प्रेलरसारखा सतत काहीतरी घडवत राहणारा प्रमुख होता. 2022 मध्ये मेल्विनच्या पॅड्रेसनी मोसमात 111 सामने जिंकलेल्या डॉजर्सना घरी पाठवलं. 2023 मध्ये लीगमधल्या सर्वांत महागड्या संघांपैकी एक असूनही ते 82 सामन्यांवर अडकले. मेल्विन आणि प्रेलर यांच्यातल्या बेबनावाच्या बातम्या याच काळात छापून आल्या.

आता गंमत बघा. त्या मोसमात पॅड्रेसनी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा एकूण 104 धावा जास्त काढल्या. पण एका धावेच्या फरकानं संपलेल्या सामन्यांत 9 विजय आणि 23 पराभव, जादा इनिंगच्या सामन्यांत 2 विजय आणि 12 पराभव. माझ्या टीममध्ये याच आकड्यांवरून दोन तट आहेत. ओकलंडमध्ये वाढलेला एक सहकारी म्हणतो, हे निव्वळ नशीब, अशा सामन्यांत नाणं कुठेही पडतं. सॅन डिएगोहून आलेली सहकारी म्हणते, अटीतटीचे सामने जिंकून देणं हेच तर मॅनेजरचं काम, मग तो कशाला ठेवायचा? दोघंही आकडेवारीत मुरलेले, आकडे तेच, आणि निष्कर्ष दोन. माझं मत सहकाऱ्याच्या बाजूचं. चौदा जादा इनिंगच्या सामन्यांवरून कुणाची लायकी ठरवणं म्हणजे एका पावसावरून हवामान ठरवणं. पण सहकारीचा राग मला समजतो. तिला नाणं दिसत नाही, डगआउटमधला माणूस दिसतो.

त्याच हिवाळ्यात मेल्विन सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये आला. इथे फ्रंट ऑफिसचे प्रमुख होते फरहान झैदी. पाकिस्तानी वंशाचे, एमआयटीत शिकलेले, बर्कलीचे डॉक्टरेट, बीनच्याच तालमीत तयार झालेले. त्यामुळे देशी मंडळींना त्यांचं विशेष कौतुक. त्यांनी नेमलेल्या गेब कॅप्लरनं 2021 मध्ये 107 सामने जिंकले आणि 2023 मध्ये त्याची नोकरी गेली. मेल्विन आल्यावर 2024 मध्ये 80 विजय झाले आणि झैदी यांचीच नोकरी गेली. त्यांच्या जागी बस्टर पोझी आला, जायंट्सच्या तिन्ही अलीकडच्या विजेतेपदांतला लाडका कॅचर. त्यानं 2025 च्या जुलैच्या पहिल्या दिवशी मेल्विनचा करार 2026 साठी पक्का केला. संघ 81 विजय, 81 पराभवांवर थांबला आणि सप्टेंबरअखेर मेल्विनला घरी पाठवलं. जुलैत पक्का आणि सप्टेंबरात नापास.

या दोन वर्षांतली एक रात्र मला फार बोलकी वाटते. 2024 मध्ये ब्लेक स्नेल जायंट्सकडे होता. हो, तोच, 73 चेंडूंनंतर बाहेर काढलेला. 2 ऑगस्टला सिनसिनाटीमध्ये त्यानं समोरच्या संघाला एकही हिट दिला नाही, आणि या वेळी मेल्विननं त्याला शेवटपर्यंत टाकू दिलं. 114 चेंडू. अख्ख्या कारकिर्दीत स्नेलनं पूर्ण नऊ इनिंग टाकल्या त्या पहिल्यांदाच. यावरून कॅश चुकला होता असं सिद्ध होत नाही. ऑगस्टमधला साधा सामना वेगळा, वर्ल्ड सिरीज वेगळी. पण डगआउटमध्ये बसलेला माणूस समोरच्याकडे बघून काहीतरी ठरवू शकतो, एवढं मात्र दिसलं.

मी पोटापाण्यासाठी आकड्यांचंच काम करतो. त्यामुळे 'कॉम्प्युटरवाल्यांनी खेळ बिघडवला' ही रडकथा मला पटत नाही. तिसऱ्यांदा आलेला बॅटर जड जातो, हे खरंच आहे. पण आमच्या धंद्यात एक साधी शिस्त असते: रात्री दोन वाजता सिस्टिम कोसळली की ज्याला फोन येतो, त्याला बदल मागे घेण्याचा अधिकार असावा लागतो. फोन एकाला आणि अधिकार दुसऱ्याला, असं झालं की चांगली माणसं टिकत नाहीत, आणि टिकतात ती फक्त मान डोलावतात. बेसबॉलमध्ये आज सामना संपल्यावर पत्रकारांपुढे रोज बसतो तो मॅनेजर. 162 सामने, 162 वेळा उत्तरं. फ्रंट ऑफिसमधली माणसं वर्षातून चार वेळा बोलतात. मॉडेलचा निर्णय असेल तर 'हा आमच्या सगळ्यांचा निर्णय होता' असं वरच्यांनी येऊन सांगावं. आणि मॅनेजरचा असेल, तर तो फसल्यावर लगेच त्याची मान मागू नये. प्रेलरच्या हाताखाली 2015 पासून किती मॅनेजर झाले हे पॅड्रेसचे चाहते बोटांवर मोजून दाखवतात, आणि दुसऱ्या हाताची बोटं लागतात. एवढे सगळेच नालायक कसे असतील?

जायंट्सनं आता टेनेसी विद्यापीठाचा प्रशिक्षक टोनी व्हिटेलो आणलाय. व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रशिक्षणाचा एका दिवसाचाही अनुभव नाही. कँटीनमध्ये एकजण म्हणतो, पोझीला हो म्हणणारा माणूस हवा होता. दुसरी म्हणते, कॉलेजात त्यानं स्वतःचंच चालवलं, तो कुणाचं ऐकणार नाही. दोघांनीही त्याला अजून एक निर्णय घेताना पाहिलेलं नाही. मी एवढंच बघणार आहे: पहिल्यांदा एखादा पिचर बदलून सामना हातातून जाईल, त्या रात्री माइकसमोर व्हिटेलो एकटाच असतो की शेजारी पोझीही येऊन बसतो.