कामावर लागलं, पण वहीत लिहिलं का?



कापसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या बऱ्याच जणी जिनिंगमध्ये कामाला जातात. कोणी काजूच्या कारखान्यात जाते, कोणी डाळ मिलमध्ये. तिथे मशीन आहे, पट्टा आहे, धूळ आहे. लागतं, कापतं, भाजतं. मग आपण हळद लावतो, चिंधी बांधतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. कोणी विचारलं तर म्हणतो, "एवढं काही नाही लागलं."

आज बोलायचं आहे ते एवढ्यासाठीच, की लागल्यावर मालकाने त्याची नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि ती नोंद आपल्या कामाची आहे.

आपल्या गटाचंच बघा ना. कोणी म्हणाली, "मी हप्ता भरला", तर आपण काय करतो? वही उघडतो. वहीत असेल तर भरला, नसेल तर वाद. अपघाताचंही तसंच आहे. बोट गेलं हे सगळ्यांना दिसतं, पण ते कुठे गेलं हे कागद सांगतो.

मालकाने काय लिहायचं असतं?

कारखान्यात अपघात झाला आणि त्यामुळे कामगाराला ४८ तास किंवा त्याहून जास्त काम करता आलं नाही, तर कारखान्याने सरकारच्या निरीक्षकाला कळवावं लागतं. हा नियम १९४८ च्या कारखाना कायद्यात होता आणि नव्या कामगार संहितेतही आहे. मृत्यू झाला तर कळवावं लागतंच.

जिथे ईएसआय लागू आहे तिथे अपघात वही ठेवावी लागते. कोणाला लागलं, कधी, कुठे, कसं, हे त्यात येतं. ही नोंद तुम्ही स्वतः करू शकता, किंवा तुमच्या वतीने दुसरी बाई करू शकते. तेवढी नोंद म्हणजे तुम्ही मालकाला कळवलं असं धरतात.

आजाराचीही नोंद असते. कापसाच्या धुळीने छातीचा एक आजार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती भरल्यासारखी होते, दम लागतो, खोकला येतो. हा आजार कायद्याच्या यादीत आहे. तो आढळला तर कारखान्याने आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनीही सरकारला कळवायचं असतं.

जिनिंगवाल्या ताईंनी हे नीट वाचा

फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारे कारखाने हंगामी धरले जातात आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय लागू नसतो. म्हणजे ईएसआयचा दवाखाना नाही आणि त्याचा पगारही नाही. पण याचा अर्थ काहीच मिळत नाही असा नाही. तिथे मालकाने स्वतः भरपाई द्यायची असते. पूर्वी हे १९२३ च्या नुकसान भरपाई कायद्यात होतं, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे.

या कायद्यात तीन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत.

एक, मुकादमाने किंवा ठेकेदाराने कामाला लावलं असेल तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. "तुझं नाव आमच्या रजिस्टरला नाही" एवढ्याने तो सुटत नाही.

दोन, "तुझंच लक्ष नव्हतं" म्हणून भरपाई नाकारता येत नाही. नशा केलेली असेल, किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला असेल, तर गोष्ट वेगळी. पण घाईत पदर ओढला गेला, हात घसरला, हा अपघातच असतो.

तीन, दवाखान्याचा खरा खर्च मालकाने द्यायचा असतो. घरी बसावं लागलं, तर दर पंधरा दिवसांनी महिन्याच्या पगाराचे २५ टक्के, म्हणजे साधारण अर्धा पगार मिळतो. तीन दिवसांत बरं झालं तर मात्र हा पगार मिळत नाही.

एक हिशोब करून बघू

समजा एका ताईचं वय ४० आहे आणि मशीनमध्ये तिचं अंगठ्याजवळचं पूर्ण बोट गेलं. कायद्याच्या तक्त्यात याला १४ टक्के अपंगत्व धरतात आणि ४० वयासाठी आकडा आहे १८४.१७.

महिन्याचा पगार ९,००० असेल तर त्याचे ६० टक्के म्हणजे ५,४००. त्याला १८४.१७ ने गुणायचं, झाले ९,९४,५१८. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे १,३९,२३२ रुपये.

आता कागदावर पगार ६,००० च दाखवला असेल, तर याच हिशोबाने ९२,८२१ रुपये येतात. बोट तेच, पण ४६ हजार कमी. म्हणून हजेरी आणि मजुरीची नोंदही अपघाताच्या नोंदीइतकीच महत्त्वाची.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

दवाखान्यात. सोबत मुकादम येतो, तोच डॉक्टरांशी बोलतो आणि केसपेपरवर लिहिलं जातं, "घरी पडल्यामुळे". बाई वेदनेत असते, तिला पत्ताही नसतो. वर्षभराने भरपाई मागायला गेलं की हाच कागद आडवा येतो. ताई, शुद्धीवर असाल तर डॉक्टरांना स्वतः सांगा, "जिनिंगमध्ये कामावर असताना मशीनमध्ये हात गेला." सोबतच्या मैत्रिणीने तर हे सांगायलाच हवं.

आपण काय करायचं?

१. अपघाताची तारीख, वेळ, मशीन आणि तिथे हजर असलेल्या दोघी-तिघींची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

२. मॅनेजरला लेखी कळवा आणि पोच घ्या. घेत नसतील तर पोस्टाने पाठवा, पावती जपा. व्हॉट्सॲपवर मेसेज केला असेल तर तो पुसू नका.

३. केसपेपर, औषधाची बिलं, एक्स-रे, सगळं एका पिशवीत.

४. आपली हजेरी आणि मिळालेली मजुरी रोज आपल्या डायरीत लिहा. मुकादमाची सही मिळाली तर उत्तम.

५. मालक ऐकत नसेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा. भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन आहे १५१००.

लिहायला अडचण असेल तर साधा मजकूर असा: "मी अमुक तारखेला, अमुक वाजता, आपल्या कारखान्यात काम करत असताना अमुक मशीनमध्ये माझ्या उजव्या हाताला दुखापत झाली. त्या वेळी अमुक व अमुक हजर होत्या. याची नोंद घ्यावी." खाली सही किंवा अंगठा, तारीख. बस, एवढं पुरे.

आणि शेवटचं, जरा आपल्याकडेही बघू. आपल्या काही गटांचे मसाला, पापड, डाळ मिलचे उद्योग आहेत. तिथे रोजाने बाया लावल्या की मालक आपणच. तेव्हा शंभर पानी एक वही घ्या, वर "अपघात नोंद" लिहा आणि मशीनजवळ टांगून ठेवा. पुढच्या ग्रामसंघ बैठकीत हा विषय इतिवृत्तावर घ्या. ज्या ताईंना मागच्या दोन वर्षांत कामावर लागलं आहे, त्यांनी कागद घेऊन या. मुदत संपायच्या आत एकत्र बसून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक