साथीपूर्वीचे संशोधन : लंपी चर्मरोगाचा अनुभव

जनावरास ताप भरला, अंगावर गाठी उठल्या आणि त्याने चारा टाकला, की पशुपालकाचा पहिला प्रश्न असतो : यावर लस आहे काय? २०२२ साली हा प्रश्न गावोगाव विचारला गेला. त्याच्या उत्तराची तयारी मात्र तीन वर्षे आधीच सुरू झाली होती.

लंपी चर्मरोग भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. देवीच्या कुळातील या विषाणूचा प्रसार मुख्यत्वे डास, चावणाऱ्या माश्या व गोचीड करतात. माणसास तो होत नाही. त्याच वर्षी रांचीकडील आजारी जनावरांच्या नमुन्यांतून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला. घोड्यांच्या केंद्राने गाईंचा रोग हाती घ्यावा याचे नवल वाटेल, परंतु पशुरोगजंतूंचा राष्ट्रीय संग्रह तेथेच आहे. प्रयोगशाळेतील पेशींवर पन्नास वेळा वाढवून हा विषाणू सौम्य करण्यात आला. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, जी मानित विद्यापीठही आहे, या कामात सहभागी होती. १० ऑगस्ट २०२२ रोजी लस जाहीर झाली.

परंतु जाहीर झालेली लस म्हणजे हाती आलेली बाटली नव्हे. साथ तर दारात होती. तेव्हा विषाणूंच्या जवळिकीमुळे उपयोगी पडणारी, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली. महाराष्ट्राने ती मोफत दिली, गुरांचे बाजार बंद ठेवले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या लसीचे तंत्रज्ञान पुण्याच्या शासकीय पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे आले. व्यापारी उत्पादनाचा परवाना एका भारतीय कंपनीस मिळाला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. नमुन्यापासून परवान्यापर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ गेला.

हा काळ कमी करावयाचा, तर साथ नसलेल्या वर्षांतही विद्यापीठांच्या प्रयोगशाळा चालू राहिल्या पाहिजेत. न आलेल्या रोगावर खाजगी उद्योग सहसा पैसा घालीत नाही; तो भार शासनानेच उचलावयाचा असतो. साथ ओसरली की या खर्चाकडे दुर्लक्ष होते, हे खेदाने नमूद करावे लागते.

प्रयोगशाळेचे काम गोठ्यातून सुरू होते. बाजारभाव पडेल या भीतीने आजार लपविल्यास नमुनाच मिळत नाही. गाठी दिसताच जनावर वेगळे बांधावे, बाजारात नेऊ नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. सांसर्गिक पशुरोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानेही खबर देण्याचे कर्तव्य पशुपालकावर सोपविले आहे. पशुवैद्य गाठीवरील खपली व रक्त घेऊन ते थंड पेटीतून तपासणीस पाठवितात.