विषुववृत्तावरचं थंड पाणी

गालापागोसची क्रूझ ठरली की बॅगेत आधी सनस्क्रीन जातं. बेटं विषुववृत्तावरची, तेव्हा पाणी कोमट असणारच, असा हिशेब. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवरच्या या ज्वालामुखी बेटांवर तो चुकतो, आणि पश्चिमेकडच्या फर्नांदिना-इसाबेलापाशी तर साफ चुकतो. क्रॉमवेल प्रवाह पृष्ठभागाखालून पूर्वेकडे वाहत येतो, बेटांच्या बुडालेल्या उतारांवर आदळतो आणि खोलातलं पाणी वर येतं. जुलै ते नोव्हेंबरमध्ये इथे पाण्याचं तापमान २० अंशांच्याही खाली जातं. वेटसूट अंग कोरडं ठेवतो, हीदेखील भाबडी समजूत. पाणी आत शिरतंच. अंगाच्या उबेने तापलेला त्याचा पातळ थर सूट धरून ठेवतो, इतकंच.

या गारठ्याला नावं ठेवू नयेत, कारण दिवसभर जे पाहायचं ते त्याच्याच जिवावर उभं आहे. खोलातल्या पाण्याबरोबर पोषकद्रव्यं वर येतात, शेवाळ आणि प्लवक माजतात, आणि मग बाकीच्यांची पंगत बसते. फर्नांदिनावर पर्यटकांना फक्त पुंता एस्पिनोसा इथेच उतरता येतं. तिथे काळ्या लाव्हावर समुद्री इग्वाना एकमेकांच्या अंगावर पसरलेले असतात. हा आळस नव्हे. थंड पाण्यात उतरायचं आणि पोटातलं शेवाळ पचवायचं तर अंग तापवावंच लागतं. मधूनच नाकातून फवारा उडतो. ते चिडून थुंकतात असं वाटतं, पण ते खाण्याबरोबर पोटात गेलेलं जादा मीठ बाहेर टाकत असतात. सगळेच इग्वाना पाण्याखाली चरतात, हेही खरं नाही. खोल बुडी मारतात ते मुख्यतः मोठे नर. माद्या आणि पिल्लं ओहोटीला उघडे पडलेले खडक खरवडतात. एल निन्योच्या वर्षी पाणी तापलं की शेवाळ घटतं आणि इग्वानांची उपासमार होते.

रंगीत प्रवाळबागा शोधायला मात्र इथे येऊ नये. १९८२-८३च्या एल निन्योत इथले बहुतेक प्रवाळ मेले. इथलं स्नॉर्केलिंग म्हणजे काळा खडक, हिरवं शेवाळ, थोडं गढूळ पाणी आणि त्यात निवांत चरणारी समुद्री कासवं. मला हे बागांपेक्षा जास्त आवडतं.

ज्वालामुखी विझलेला असेल, असंही गृहीत धरलं जातं. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांमागचा. फर्नांदिनाचा २०२४च्या मार्चमध्येही वाहत होता.

दुपारी इसाबेलाच्या पुंता व्हिसेंते रोकापाशी कड्याखाली पेंग्विन दिसतात. पेंग्विन फक्त बर्फात राहतात, हा समज इथे टिकत नाही. इसाबेलाचं उत्तर टोक विषुववृत्ताच्या पलीकडे जातं, आणि तिथेही ते आहेत. शेजारी खुरटे पंख वाळवणारा पाणकावळा जखमी नसतो. ही जातच उडणं विसरलेली आहे.

प्राणी माणसाला बुजत नाहीत म्हणून ते माणसाळलेले आहेत, असं नाही. मोठ्या शिकारी सस्तन प्राण्यांशिवाय त्यांच्या पिढ्या वाढल्या, म्हणून ती भीती त्यांच्यात रुजलीच नाही. दोन मीटरचं अंतर आपणच राखायचं असतं. नवखे शार्कला घाबरतात, पण खडकांत विसावणारा व्हाइटटिप शार्क सहसा आपल्या वाटेला जात नाही. जपायचं ते किनाऱ्यालगत हद्द राखणाऱ्या नर सी-लायनपासून. तो भुंकत पुढे आला की फोटोचा मोह सोडून बाजूला व्हावं; तो खेळत नसतो, आणि चावतोही.