फाटकाआधीची पाटी

रस्ता आणि लोहमार्ग एकमेकांना जेथे छेदतात, तेथे दोन अगदी भिन्न स्वभावांच्या वाहनांची गाठ पडते. मोटारीला वळता येते, बाजूला सरता येते आणि थोडक्या अंतरात थांबताही येते. आगगाडीला यांपैकी काहीच साधत नाही. तिची चाके पोलादी आणि रूळही पोलादी. त्यांमधील घर्षण अल्प, आणि गाडीचे वजन मात्र प्रचंड. ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या लांबलचक मालगाडीचे सर्व ब्रेक एकदम लावले, तरी ती थांबेपर्यंत दीड किलोमीटरहून अधिक अंतर निघून जाऊ शकते. म्हणून थांबण्याचे कर्तव्य रस्त्यावरून येणाऱ्याकडे येते, आणि त्याची आठवण त्याला वेळेवर करून देणे हे पाटीचे काम होय.

‘एवढी मोठी आगगाडी डोळ्यांना दिसतेच, मग पाटी कशाला?’ असे कोणी विचारील. परंतु डोळा येथेच फसतो. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1985 साली ही गोष्ट विशद केली. दोन विमाने सारख्याच वेगाने उतरत असली, तरी त्यांतील मोठे विमान आपल्याला संथ भासते. आगगाडीचेही तसेच आहे. तिच्या अवाढव्य आकारामुळे तिचा वेग कमी वाटतो, आणि ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असे समजून चालक मोटार पुढे घालतो.

या प्रश्नाचा विचार अमेरिकेत फार पूर्वीपासून होत आला आहे. आरंभी वर्दळीच्या ठिकाणी पहारेकरी हातातील कंदील झुलवून वाहनांना थांबवीत असे. 1909 साली दक्षिण कॅलिफोर्नियातील पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेचे अभियंते अल्बर्ट हंट यांनी तीच क्रिया यंत्राकडून करवून घेतली. गाडी जवळ येताच लाल दिव्याची तबकडी लंबकाप्रमाणे झुलू लागे. पुढे आळीपाळीने उघडझाप करणारे दोन लाल दिवे प्रचारात आले.

परंतु असे यंत्र प्रत्येक ठिकाणी बसवणे शक्य नव्हते. उरलेल्या ठिकाणी दोन फळ्यांची फुली खांबावर लावलेली असे. ती पाहून ‘येथे रूळ आहेत’ एवढे चालकाला कळे. आपण काय करावे, हे मात्र त्या फुलीवरून स्पष्ट होत नसे. हा दोष हळूहळू ध्यानात आला. 2009 सालच्या तेथील राष्ट्रीय नियमावलीने असे ठरवले, की जेथे दिवे किंवा फाटक नाही, तेथे फुलीबरोबर ‘थांबा’ अथवा ‘वाट द्या’ अशी आज्ञा देणारी पाटीही हवी. रात्री मोटारीच्या उजेडात पाटी झळकावी, म्हणून तिला प्रकाश परावर्तित करणारा लेप देतात. रूळांच्या जोड्या एकाहून अधिक असल्यास त्यांची संख्याही खाली लिहितात. कारण एक गाडी निघून जाताच उतावळेपणाने पुढे जाणारा मनुष्य दुसऱ्या रुळांवरील गाडीपुढे सापडतो. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक निळी पाटी असते. तिच्यावर त्या जागेचा क्रमांक व रेल्वेचा दूरध्वनी क्रमांक असतो. रुळांवर मोटार बंद पडल्यास त्या क्रमांकावर कळवून येणारी गाडी थांबवण्याची खटपट करता येते.

आपल्या देशातही लाल कडेच्या त्रिकोणातील चित्र चालकाला सावध करते. फाटकाचे चित्र असेल, तर पुढे फाटक व राखणदार आहे. इंजिनाचे चित्र असेल, तर राखणदार नाही. चित्र असल्यामुळे ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही अर्थ कळतो. ज्या ठिकाणी राखणदार नाही, तेथे 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकाने वाहन थांबवावे, वाहकाने किंवा सोबत्याने पायी पुढे जाऊन दोन्ही बाजू पाहाव्यात, आणि सोबत कोणी नसल्यास चालकाने स्वतः उतरून खात्री करून घ्यावी. भारतीय रेल्वेने 2019 सालच्या जानेवारीअखेर आपल्या ब्रॉडगेज मार्गांवरील अशी राखणदार नसलेली सर्व ठिकाणे नाहीशी केली. कोठे पूल वा भुयारी मार्ग झाला, तर कोठे राखणदार नेमला गेला.

तरीही फाटक पडलेले असताना त्याखालून सायकल वाकवून नेणारे लोक आजही दिसतात. वाचवू म्हटले तरी त्यांची दोनचार मिनिटेच वाचतात. गमावण्याची वेळ आली, तर सारे आयुष्य जाते. पाटी कितीही सुधारली, तरी ती हात धरून कोणाला मागे ओढू शकत नाही. तिने सावध करावे आणि माणसाने थांबावे. ही दोन्ही कामे पुरी झाली, म्हणजेच रूळ ओलांडणारा सुखरूप घरी पोचतो.