दीपोत्सव आणि धुराचे तोलमाप

दीपावलीच्या कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण करताना आम्ही अनेक वर्षे एक विधान करीत आलो. फटाक्यांच्या धुराने पावसाळ्यात माजलेले जंतू व कीटक नष्ट होतात, म्हणून पूर्वजांनी ही योजना केली, असे ते विधान. श्रोते माना डोलावीत. वास्तविक अमावास्येच्या प्रदोषकाळी पितरांना वाट दिसावी म्हणून उल्का, म्हणजे पेटती चूड, दाखवावी एवढेच धर्मग्रंथांच्या आधाराने आम्हांस सांगता आले असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला, तो इसवी सन १४०० पासूनचा. हे ठाऊक असूनही आम्ही बोलत राहिलो. वाक्य रंगत असे!

वाईच्या घाटावर लहानाची मोठी झालेली एक मुलगी सांगलीस हवेची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. सांगलीच्या गणपती मंदिरात दर्शनास गेलो असता तिने आग्रहाने आम्हांस तेथे नेले. केंद्र शासनाने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आरंभिला, तेव्हा हवेची मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत सांगलीचेही नाव आले. आम्ही कृष्णाकाठचे, हे ऐकून मनास बोचले.

गच्चीवर लहानशा कपाटाएवढे यंत्र होते. ते मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा ओढते. जाड धूळ खालच्या पेल्यात पडते, आणि श्वासाबरोबर आत जाणारी बारीक धूळ काचतंतूंच्या शुभ्र कागदावर बसते. दर आठ तासांनी कागद बदलायचा, असे चोवीस तास. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाकाठी १०४ दिवस. बाजूला बर्फात ठेवलेल्या काचनळ्यांतील द्रावणातून हवेचे बुडबुडे जात होते. गंधकाच्या धुरातील वायू त्यात विरतो. पुढे रसायन घातले की किरमिजी रंग चढतो, आणि रंगाच्या गडदपणावरून वायूचे प्रमाण काढतात.

परंतु आमचे मन गुंतले ते तराजूपाशी. कोरा कागद प्रथम सिलिका जेलच्या बंद पात्रात चोवीस तास ठेवून त्यातील ओलावा काढतात, मग तोलतात. वापरलेल्या कागदालाही हाच उपचार. दोन वजनांतला फरक, भागिले ओढलेली हवा, झाले उत्तर. या बारीक धुळीची दिवसाची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आम्ही तिथल्या तिथे हिशेब मांडला. आठ तासांच्या कागदावर सुमारे पन्नास मिलिग्रॅम धूळ जमली की मर्यादा गाठली, म्हणजे सोनाराच्या अर्ध्या गुंजेहूनही कमी! ओलाव्याला एवढे का जपतात ते तेव्हा उमगले.

तिने दोन कागद समोर ठेवले. एक कोरा, दुसरा लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा, समईवर धरलेल्या काजळाच्या पत्र्यासारखा. "बुवा, दोष एका रात्रीचा नाही," ती म्हणाली. "वाहने, रस्त्यांची धूळ, वीटभट्ट्या, शेतातला पाचट बारा महिने आहेतच. पण थंडीत हवा जमिनीलगत कोंडते, आणि नेमकी त्याच वेळी आपण भर घालतो." सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीपूर्वीचे व नंतरचे सात सात दिवस हवेतील अॅल्युमिनियम, बेरियम व लोह तपासण्यास सांगितले, हेही तिच्याकडूनच कळले. फुलबाजीचा शुभ्र झगमगाट अॅल्युमिनियमचा, हिरवा रंग बेरियमचा. आमच्या 'जंतुनाशक' धुरात हे होते.

आमचे पेटीचे साथीदार तीस वर्षे बरोबर आहेत. त्यांना दमा आहे. लक्ष्मीपूजन आटोपले की ते खिडक्या लावतात, दाराच्या फटीत ओले धोतर कोंबतात आणि पहाटेपर्यंत उशीला टेकून बसून राहतात. आमचे ते विधान त्यांनी निदान वीस वेळा ऐकले असेल. वाईस परतल्यावर त्यांना सारी हकीकत सांगितली व विचारले, इतकी वर्षे बोलला का नाहीत? ते हसले. म्हणाले, "बुवा, तेवढ्या वाक्याला मी सूर जरा मोठा धरीत असे."

यंदा वसुबारसेच्या कीर्तनात ते वाक्य नारदांच्या गादीवरूनच आम्ही परत घेणार आहोत. पेटीवर तेच असतील.